शेवटचा आकडा हलतोय

पेन्सिल सेलवर १.५ व्होल्ट असं छापलेलं असतं आणि जगाचा त्या छापील आकड्यावर विश्वास असतो. रिमोट चालला तर सेल चांगला. नाही चालला तर रिमोट तळहातावर दोनदा आपटायचा, मग दोन्ही सेल काढून एकमेकांच्या जागी घालायचे, आणि तरीही चॅनेल बदललं नाही तर सेल 'गेले' असं जाहीर करायचं. घराघरांतलं विद्युत-मोजमापशास्त्र इथं संपतं. वायरमनकडे टेस्टर असतो. त्यातला दिवा लागला म्हणजे 'फेज आहे', नाही लागला म्हणजे 'मागूनच गेलीय'. एवढ्या ज्ञानावर अख्ख्या सोसायट्या उजळलेल्या आहेत.

पण माणसांची एक जात अशी आहे की जिला १० व्होल्ट म्हणजे १०.०००००० व्होल्ट हवे असतात, आणि त्यातलं शेवटचं शून्य रात्रभर शून्यच राहिलं पाहिजे असा तिचा हट्ट असतो. शून्याचा एक झाला की या मंडळींची झोप उडते. परदेशात त्यांना 'व्होल्टनट' म्हणतात आणि हे नाव त्यांनी स्वतःच कौतुकानं लावून घेतलं आहे. आपण त्यांना व्होल्टवेडे म्हणू. त्यांचं प्रेम नव्या, खिशात मावणाऱ्या मीटरवर नसतं. ते जडतं ते चाळीस वर्षांपूर्वीच्या, टेबल अडवणाऱ्या, दहा-बारा किलोच्या धुडांवर. ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजे एचपीचा ३४५६ए, फ्लुकचा ८५०५ए, इंग्लंडच्या सोलारट्रॉनचा ७०८१, डेट्रॉनचा १२८१. एके काळी हे मीटर संरक्षण खात्याच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत वातानुकूलित थाटात राहत. मग नवे आले, जुने लिलावात निघाले, आणि व्होल्टवेड्याच्या घरी, इस्त्रीच्या टेबलावर, स्थानापन्न झाले.

आणल्या आणल्या पहिला प्रश्न घरची मंडळी विचारतात: "बरोबर दाखवतो का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. मराठी घरातलं भिंतीवरचं घड्याळ आठवावं. ते दहा मिनिटं पुढे असतं, मुद्दाम केलेलं असतं, आणि घरातल्या लहान मुलालाही मनातल्या मनात दहा वजा करता येतात. ते घड्याळ चुकीचं आहे, पण भरवशाचं आहे. त्याच घड्याळानं आज दहा मिनिटं पुढे आणि उद्या चार मिनिटं मागे असा स्वभाव धरला तर ते अधूनमधून अगदी अचूक वेळ दाखवेल, आणि तरी लोकल चुकेल. व्होल्टमीटरच्या जगात बरोबर दाखवण्याला अचूकता म्हणतात, भरवशाला स्थैर्य, आणि व्होल्टवेडा स्थैर्यावर जीव टाकतो. रोज तेवढंच खोटं बोलणारा मीटर त्याला चालतो. कधीमधी खरं बोलणारा तो दारात उभा करत नाही.

हे आकड्यांचं वेड तसं फार जुनं नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत व्होल्ट काट्यावर मोजायचे. काट्यामागे आरशाची पट्टी असे. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की नजर सरळ आहे असं मानायचं. तरीही दोन माणसं दोन रीडिंग घेत, कारण काटा दोन रेघांच्या मधे उभा राहिला की प्रत्येक जण स्वतःच्या स्वभावानुसार पुढची किंवा मागची रेघ निवडी. मग कॅलिफोर्नियातल्या नॉन-लिनियर सिस्टिम्स या कंपनीच्या अँड्र्यू के यांनी डिजिटल व्होल्टमीटर बाजारात आणला. पुढे १९८०च्या दशकात याच गृहस्थांनी कायप्रो नावाचा उचलून नेता येणारा संगणक विकला. पण त्यांचा सुरुवातीचा व्होल्टमीटर टेलिफोन एक्सचेंजच्या जातीच्या यांत्रिक स्विचांवर चाले आणि मोजताना खटखट आवाज करी. व्होल्ट मोजला जातोय हे शेजारच्या खोलीतही कळे. आकडे आल्यावर रीडिंगवरचे वाद मिटतील अशी आशा होती. वाद फक्त शेवटच्या आकड्यावर जाऊन बसले.

आकडे तरी किती? ३४५६ए हा साडेसहा अंकी. अर्धा अंक म्हणजे काय, असा प्रश्न पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीलाही पडावा. तर सगळ्यांत डावीकडचा अंक पूर्ण शून्य ते नऊ फिरत नाही, बहुधा ० किंवा १ एवढंच दाखवतो, म्हणून त्याला अर्धा पगार. एचपीचाच ३४५८ए साडेआठ अंकी आहे. त्याच्या १ व्होल्टच्या रेंजवर शेवटचा अंक १० नॅनोव्होल्टचा असतो, म्हणजे एका व्होल्टचे दहा कोटी तुकडे केले तर त्यातला एक. व्होल्टवेडे मात्र हिशेब पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षांशांत करतात. दहा व्होल्टांवर एक पीपीएम म्हणजे १० मायक्रोव्होल्ट. 'माझा मीटर वर्षात तीन पीपीएम हलला' हे वाक्य ते नातलगाच्या आजारपणाच्या आवाजात बोलतात.

आता मेख अशी की मीटर स्वतः व्होल्ट ओळखत नाही. त्याच्या पोटात एक रेफरन्स असतो, एक झेनर डायोड, आणि बाहेरून आलेला प्रत्येक व्होल्ट त्याच्याशी ताडून पाहिला जातो. ३४५८एच्या पोटातल्या झेनरचं नाव एलटीझेड१०००. तो सुमारे सात व्होल्ट देतो आणि त्याच्या चिपवरच एक छोटी शेगडी आहे. बाहेर उन्हाळा असो की हिवाळा, त्यानं एकाच तापमानावर बसावं म्हणून ती सतत पेटलेली असते. या झेनरची गंमत वयात आहे. तरुणपणी तो जास्त भटकतो आणि जसजसा म्हातारा होतो तसतशी त्याची चाल मंदावते. म्हणूनच वीस-तीस वर्षं चालू राहिलेला मीटर कोऱ्या मीटरपेक्षा मोलाचा ठरतो. सेवानिवृत्त झाल्यावर भाव वाढणारे दुसरे नोकरदार ऐकिवात नाहीत.

मीटर बनवणारेही याबाबत प्रामाणिक असतात. ३४५८एच्या कागदपत्रात लिहिलं आहे की वर्षभरात तो ८ पीपीएम सरकू शकतो. जास्त पैसे मोजले तर ४ पीपीएमची हमी देणारा प्रकारही मिळे. हा मीटर १९८९ साली ह्यूलेट-पॅकार्ड जर्नलच्या एप्रिलच्या अंकात दिमाखात झळकला. आणि मग १ जानेवारी १९९० उजाडला. त्या दिवशी जगभरच्या प्रयोगशाळांनी व्होल्टसाठी एकच नवा आकडा स्वीकारला, आणि अमेरिकेचा व्होल्ट एका रात्रीत ९.२६४ पीपीएमनं मोठा झाला. यंत्राला सबंध वर्षात जेवढं भटकायची मुभा होती त्याहून जास्त देशाचा व्होल्ट ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री हलला. आदल्या दिवशी ज्या स्रोतावर नेमके १० व्होल्ट म्हणून शिक्का होता, तो दुसऱ्या दिवशी ९.९९९९०७ झाला. स्रोत बिचारा जागचा हलला नव्हता.

त्यामागे ब्रायन जोसेफसन होते. १९६२ साली, केंब्रिजमध्ये, बाविसाव्या वर्षी त्यांनी एक भाकीत केलं. दोन अतिवाहकांच्या मधे पातळ अडसर ठेवून त्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या, की मिळणारा व्होल्ट फक्त लहरींच्या वारंवारतेवर ठरतो. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. वारंवारता घड्याळानं मोजता येते आणि घड्याळं माणसानं फार उत्तम बनवली आहेत, त्यामुळे व्होल्ट घड्याळाच्या ओळीला जाऊन बसला. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत हा जोसेफसन व्होल्ट सांभाळला जातो. त्याआधी व्होल्टचा मान वेस्टन सेलकडे होता. एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ साली पारा आणि कॅडमियम घालून केलेली ही काचेची जोडनळी सुमारे १.०१८ व्होल्ट देई. तिच्यातून करंट घ्यायचा नाही, तिला कलंडू द्यायचं नाही, तिला तापमान बदललेलं खपायचं नाही, आणि हलवल्यावर पुन्हा ताळ्यावर यायला तिला दिवसच्या दिवस लागत. काहीच काम न देता तिची फक्त बडदास्त ठेवायची. अशा माहेरवाशिणीच्या जिवावर जगाचा व्होल्ट कित्येक दशकं उभा होता.

तर मीटर तपासायचा कसा?

पहिली परीक्षा शून्याची. मीटरच्या दोन टर्मिनलांना तांब्याची जाड तार जोडून शॉर्ट करायचं. आत काही जात नाही, तेव्हा रीडिंग शून्य यायला हवं. येत नाही. थॉमस योहान सेबेकनं १८२१ साली लावलेला शोध आडवा येतो: दोन वेगळे धातू जिथं भेटतात तिथं तापमानाच्या फरकानं वीज उपजते. तांब्याला तांबं भेटलं तर अंशाला ०.२ मायक्रोव्होल्टहूनही कमी. तांब्याला कोव्हार, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागांच्या पायांत असणारा मिश्रधातू, भेटला तर सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. आणि तांब्याला त्याचाच काळवंडलेला थर, म्हणजे ऑक्साईड, भेटला तर हजारापर्यंत. एका अंशाला हजार मायक्रोव्होल्ट! दहा नॅनोव्होल्ट बघणाऱ्या माणसाला हा धरणीकंप आहे. पूजेची तांब्याची भांडी चकचकीत ठेवणाऱ्या घराला या विज्ञानाची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. फक्त मीटरच्या तारेला चिंच-मीठ लावू नये, बारीक पॉलिशपेपर पुरतो.

तार चकचकीत केली, घट्ट आवळली, आणि आकडा तरीही पळतोय. कारण आवळताना टर्मिनलला हात लागला. बोटाची ऊब एका टर्मिनलला जास्त मिळाली, दुसऱ्याला कमी. आता अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही. टर्मिनलांवर कापूस किंवा जाड फडकं पांघरायचं आणि वाट पाहायची.

नवशिक्याची फजिती याच्या उलट होते. तो तार न जोडता मीटर चालू करतो आणि मोकळ्या टर्मिनलांवर आकडे भुतासारखे फिरताना बघून दुकानदाराला फोन लावतो. मीटर ठणठणीत असतो. या मीटरांचा आतला रोध १० गिगाओहमहून जास्त असतो, म्हणजे ते समोरच्याकडून जवळजवळ काहीच घेत नाहीत, त्यामुळे हवेतली कुठलीही आगंतुक वीज त्यांना खरी वाटते. बारावीच्या प्रॅक्टिकलला पोटेन्शियोमीटरच्या लांब तारेवर जॉकी सरकवत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणणाऱ्यांना हे तत्त्व ठाऊक आहे: सेलमधून काहीही न उचलता सेल मोजायचा. अर्थात त्या प्रयोगात अनेकांनी उत्तर आधी ठरवून रीडिंग मागाहून जर्नलमध्ये भरलेली असतात आणि ती कोणत्याही साडेआठ अंकी मीटरपेक्षा स्थिर असतात.

दुसरी परीक्षा आपल्या देशापुरती. हे मीटर विजेच्या लहरीतला हम गाळण्यासाठी एका पूर्ण फेऱ्याभर, किंवा दहा-शंभर फेऱ्यांभर, मोजत राहतात. हमचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना खाऊन टाकतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, एक फेरा १६.६७ मिलिसेकंदांचा. आपली ५० हर्ट्झची, फेरा २० मिलिसेकंदांचा. अमेरिकेहून आलेला मीटर सेटिंग न बदलता इथं लावला की तो अमेरिकेच्या फेऱ्यानं भारताचा हम मोजतो, थोडा हम उरतोच, आणि शेवटचे आकडे गणपतीच्या दहाव्या दिवशी अंगात आल्यागत नाचतात. मालक झेनर बदलायच्या गोष्टी करतो. बदलायचं असतं एक सेटिंग.

तिसरी परीक्षा गरिबाची आहे, म्हणून ती जास्त गोड. तिला कुठलाही प्रमाणित स्रोत लागत नाही. एक स्थिर बॅटरी मोजायची, मग तिच्या तारा उलट करून पुन्हा मोजायची. अधिक आणि उणे दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. मग दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजायच्या, नंतर एकीपुढे एक जोडून एकत्र मोजायच्या. बेरीज जमली तर मीटर सरळ रेषेत विचार करतो आहे. चुकली तर त्याच्या डोक्यात कुठंतरी वाकडं आहे. बहुतेक जुने मीटर या बेरजेत विलक्षण हुशार निघतात. खरी किंमत या सरळपणाचीच असते, आणि जाहिरातीत तो डिस्प्लेवरच्या अंकांइतका ठळक कधीच छापला जात नाही.

मग येते मुख्य परीक्षा, लांब पल्ल्याची. मीटरला १० व्होल्टच्या स्रोताला जोडायचं, संगणकाला सांगून दर काही सेकंदांनी रीडिंग साठवायचं, आणि आठवडाभर कुणी काही हलवायचं नाही. ३४५८ए तर सुरुवातीलाच चार तास नुसता तापायला मागतो. या वर्गातल्या मीटरांचं कॅलिब्रेशन २३ अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. २३ अंश! मे महिन्यात नागपूरच्या माणसाला हा आकडा दाखवून पाहावा. ३४५८ए शेवटच्या स्व-समायोजनापासून एका अंशाहून जास्त फरक पडला तर ते पुन्हा करायला सांगतो. म्हणजे आपल्याकडे दिवसातून कितीदा, हे ज्यानं त्यानं आपापल्या गच्चीवर जाऊन ठरवावं.

"पंखा लावू का?"

"नको. वाऱ्यानं व्होल्ट हलतो."

"मग पावसाळ्यात काय करणार?"

पावसाळ्याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. दमट हवेत सर्किट बोर्ड आणि प्लॅस्टिकच्या आवरणातले भाग ओल शोषून फुगतात आणि त्या ताणानं आतले रेफरन्स हळूच सरकतात. म्हणून मानाच्या रेफरन्सना धातूचं हवाबंद कवच असतं. पण आठवडाभराचा आलेख छापून हातात घेतला की त्यात मीटर फार थोडा दिसतो. दुपारी दोनचा चढ म्हणजे खिडकीतून आलेलं ऊन. करवतीसारखे दात म्हणजे एसीचं चालू-बंद. रात्री अकराचा खड्डा म्हणजे धाकट्यानं दार उघडं टाकलं. पहाटेचा सपाट भाग म्हणजे घर झोपलेलं आहे. मीटरची परीक्षा घ्यायला निघालेल्या माणसाच्या हाती स्वतःच्या घराची दैनंदिनी पडते, आणि त्यातून कोणाचे काय उद्योग चालतात हे इतकं स्पष्ट दिसतं की तो आलेख जेवणाच्या टेबलावर आणू नये.

यावर सरासरीचा उतारा सुचवणारे भेटतात. खूप रीडिंग घ्या, सरासरी काढा, गोंगाट मरेल. मरतो, पण वर्गमुळाच्या कंजूषपणानं: गोंगाट निम्मा करायला चौपट रीडिंग, दहावा हिस्सा करायला शंभरपट. आणि एका टप्प्यानंतर तेही थांबतं, कारण तोवर मीटर स्वतःच सरकू लागलेला असतो. तो टप्पा कुठं येतो हे शोधायची एक रीत अमेरिकेच्या डेव्हिड अ‍ॅलननी १९६६ साली अणुघड्याळांसाठी मांडली. व्होल्टवेड्यांनी ती उचलली आणि तिचे आलेख ते भिंतीवर लावतात.

आपला मीटर एकटा असतो तोवर शांतता असते. दुसरा मीटर घरात आला आणि दोघांत सहा पीपीएमचा फरक निघाला की संसार संपला. चूक कोणाची हे दोघांवरून कधीच कळत नाही. तिघाडा काम बिघाडा असं म्हण सांगते, इथं मात्र तिसऱ्याशिवाय निकालच लागत नाही, म्हणून तिसरा विकत घेतला जातो. तिसरा नेमका दोघांच्या मधोमध आकडा दाखवतो. शेवटी फ्लुक ७३२बीसारखा प्रवासी रेफरन्स कुणाकडून उसना आणावा लागतो. १० व्होल्टवर वर्षाला २ पीपीएम एवढीच त्याची चाल. त्याची शेगडी प्रवासात विझू द्यायची नसते, म्हणून त्याच्या पोटात बॅटरी असते. आतून गरम, दिवा लागलेला, बॅटरी आणि तारांचा हा डबा घेऊन एसटी स्टँडवर उभं राहण्याचा सल्ला मात्र देववत नाही.

खरं संकट वेगळंच असतं, आणि ते शांतपणे येतं. ३४५८एचे कॅलिब्रेशनचे सगळे आकडे एका स्मृतिचिपमध्ये असतात आणि त्या चिपच्या अंगातच लिथियमची इवलीशी बॅटरी ओतून बंद केलेली असते. अशा चिपना बनवणारे साधारण दहा वर्षांचं आयुष्य सांगत. अनेक चिप वीस-पंचवीस वर्षं तगल्या, त्यामुळे मालक निर्धास्त झाले. बॅटरी संपली की मीटर चालू होतो, दिवे लागतात, पण तो आपलं सगळं शिक्षण विसरलेला असतो. आठ पीपीएमचा पंडित निरक्षर होतो. पुन्हा शिकवायला फक्त १० व्होल्ट आणि १० किलोओहम एवढेच दोन गुरू पुरतात, ही त्या रचनेची थोरवी. पण तेवढे अचूक १० व्होल्ट ज्याच्याकडे असतील त्याला हा मीटर मुळात हवा कशाला होता, हे विचारायचं नसतं.

२० मे २०१९ रोजी व्होल्ट आणखी एकदा हलला, नव्या एसआय व्याख्येनुसार, सुमारे ०.१ पीपीएमनं. जोसेफसनवाल्या प्रयोगशाळांनी त्याची नोंद घेतली. टीव्हीचे रिमोट चालू राहिले.

तेव्हा असा एखादा जुना मीटर पदरात पडलाच तर वाचकांना एवढीच विनंती. पहिल्या दिवशी पेचकस हातात घेऊ नका. त्या पिढीतल्या अनेक मीटरांचं कॅलिब्रेशन म्हणजे आतले बारीक स्क्रू असतात, त्यांवर कुणीतरी शहाण्या माणसानं रंगाचा ठिपका लावलेला असतो, आणि आकडा सरळ करायच्या नादात तो ठिपका मोडला की मीटरची मागची सारी वंशावळ पुसली जाते. स्मृतिचिप असेल तर तिची नक्कल आधी काढून ठेवा. मीटर महिनाभर चालू ठेवा, वहीत तारीख, तापमान आणि रीडिंग लिहीत चला, आणि चूक किती आहे हे कळलं की ती वजा करून मोकळे व्हा.